सावलीत वाढवलेली दिपा

८ जानेवारी १९९४
दिपा दूध पिता पिता घामाघूम होते. थंडीत! दोन घोट घेतले की धाप लागते, सोडून देते. पाच महिन्यांचं पोर! सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. तिचे बाबा, कमलाकर, म्हणतात सर्दी असेल. या घरात सगळ्यांना सगळं कळतं, भीती तेवढी मला वाटते.

११ जानेवारी
पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटो दोनदा उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, हृदय मोठं झालंय, स्नायूत जोर नाही, मुंबईला न्या.

१२ जानेवारी
मुंबईचं हॉस्पिटल. "फार आशा ठेवू नका." असं सांगतात का कुणी? कमलाकर बाहेर जाऊन आले, डोळे लाल. मी रडले नाही. रडले तर खरं होईल.

१४ जानेवारी, संक्रांत
आज एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. सगळे छाती तपासत होते, यांनी मनगटं धरली. जाड कशी? म्हटलं, बाळसं आहे. मग विचारलं, हिला उन्हात नेता का?

ऊन? आमच्याकडे? सासूबाईंचा जन्म मिठागरात गेला. जमीन सरकारने घेतली, आम्ही नव्या पनवेलला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा त्यांनी आधी जाड पडदे शिवून घेतले. "माजा जलम उन्हान करपला. माजी नात काली नाय व्हायची." दिपाने ऊन पाहिलेलंच नाही. गरोदरपणापासून मीही नाही. सुखच वाटायचं मला ते.

बाई म्हणाल्या, उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व हिला नाही, त्यानेच मनगटाची हाडं जाड झाली, रक्तातलं कॅल्शियम घटलं, म्हणून हृदय दमलं असावं. असावं! त्या एका शब्दावर जीव टांगलाय.

१६ जानेवारी
सलाईनमधून कॅल्शियम. मांडीत मोठं इंजेक्शन. केवढी रडली! रडायला ताकद तरी आली.

२० फेब्रुवारी
परवा घरी आलो. औषध चालू आहे. आज सकाळी उठले तर पाळणा रिकामा! घरभर शोधलं. गच्चीवर धावले. सासूबाई कोवळ्या उन्हात बसलेल्या, मांडीवर उघडी दिपा. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काली झाली तं झाली. जगली पायजे."
मनात राग साठवून ठेवला होता. कुठे गेला कोण जाणे.

५ एप्रिल
मुंबईला पुन्हा तपासणी. हृदय जवळजवळ पहिल्यासारखं! कमलाकरांनी वॉर्डभर पेढे वाटले.
निघताना बाईंनी मला थांबवलं. जिना चढताना मांड्या दुखतात का? यांना कसं कळलं? म्हणाल्या, बाळाला हे जीवनसत्त्व आधी आईकडून मिळतं. तुमच्या अंगातच नव्हतं, तर तिला कुठून येणार? मलाही गोळ्या लिहून दिल्या.

९ एप्रिल
पाळी नाही ती दूध पाजतेय म्हणून, असं समजत होते. आज तपासून आले. चौथा महिना आहे.