एका हाताची शिफ्ट

८ जानेवारी ९६, बारामती
छाया आज प्रेसवर आली. चार महिन्यांनी. निरवांगीला घरीच कडबाकुट्टीत उजवा हात गेला, मनगटाच्या वरपर्यंत. ठरलेलं लग्नही मोडलं, तो विषय कुणी काढत नाही. मालक तात्या म्हणाले, सध्या लग्नपत्रिकांच्या घड्या घाल. एका हातानं घड्या! बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.
जेवणाच्या सुट्टीत बघतो तर जुन्या कॉम्प्युटरपुढं बसलेली. मराठी टायपिंग मीच शिकवलेलं, तीन वर्षांत माझ्या पुढं गेली. आता डाव्या हातानं शिफ्टचं बटण धरायचं की अक्षर दाबायचं? श, ख, छ, भ, आ, सगळी शिफ्टवरची. पत्रिकेची सुरुवातच ‘श्री’नं. मी उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो.

१५ जाने.
तिनं स्वतःच तात्यांकडून टायपिंग मागून घेतलं. पूर्वी अर्ध्या तासात व्हायची ती पत्रिका आज दुपारपर्यंत. हात वाकडा करून अंगठ्यानं शिफ्ट, करंगळीनं अक्षर. संध्याकाळी मनगट सुजलेलं. तात्या वाईट माणूस नाही, पण लग्नसराई तोंडावर. “महिनाभर बघू, दिलीप,” एवढंच म्हणाले.

२१ जाने.
शिफ्ट दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत मशीननं ती लक्षात ठेवली तर? कॉम्प्युटर क्लासला प्रोग्राम लिहायला शिकलेलं सगळं विसरलोय. जुन्या वह्या काढल्या.

४ फेब्रु.
चालला! छोटासाच प्रोग्राम. शिफ्ट धरली गेली हे तिला कळावं म्हणून मशीन ‘टूं’ करतं. त्याचं मला फार कौतुक. दुपारी छाया जवळ आली नि हळूच म्हणाली, “भाऊ, तेवढा आवाज काढा. टूं झालं की समदी वळून बघत्यात.”
प्रोग्राम तिच्यासाठी, आणि तिलाच विचारलं नव्हतं. आवाज काढला. स्क्रीनच्या कोपऱ्यात ठिपका दिला.

१९ फेब्रु.
शिफ्ट चुकून दाबली तर रद्द कशी करायची, हे तिनं विचारलं. मला सुचलंच नसतं. आता दोनदा दाबली की सुटते. दिवसात पाच पत्रिका. आज डबा आमच्यात बसून खाल्ला.

२८ एप्रिल
निमगाव केतकीहून एकजण पत्रिकेचा मजकूर देऊन गेला. नवऱ्यामुलाचं नाव वाचलं आणि थबकलो. छायाचं ज्याच्याशी ठरलं होतं तोच. म्हटलं, ही मी करतो. तिनं कागद माझ्या हातातून घेतला. “बाकीच्या केल्या तशीच ही.” एकही चूक नाही. नंतर हौदापाशी बराच वेळ तोंड धूत होती.

१८ नोव्हें.
गेल्या आठवड्यात पुण्याहून नवा कॉम्प्युटर आला. विंडोज, नवं मराठी सॉफ्टवेअर, अक्षरं सुरेख. जुनं मशीन बदल्यात गेलं. माझा प्रोग्राम यात चालत नाही. आठ दिवस झटतोय. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. म्हणाले, एका माणसासाठी कोण बदलणार? शेवटी तात्यांना सांगितलं, यावर एका हातानं होणार नाही. मीच सांगितलं.

२ डिसेंबर
छाया गेली. तात्यांनी गिऱ्हाईक बघायचं काम देऊ केलं, ते नको म्हणाली. मला म्हणाली, “तुमी लई केलं.” इंदापूरच्या एसटीत बसवून आलो. खिडकीतून हात करेल वाटलं. पिशवी धरलेली होती.

९ फेब्रु. ९७
प्रिंटरचं काहीतरी बघायला सेटिंगं उघडली. तिथं चाकाच्या खुर्चीचं एक चित्र असतं. रोज दिसायचं. मला वाटायचं, दवाखान्यांसाठी असेल. आज उघडलं. आत तेच. शिफ्ट एकदा दाबा, सोडा, पुढच्या अक्षराला लागू. उजवा हात खिशात घालून नव्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये ‘आभाळ’, ‘भाकरी’, ‘शाळा’ लिहिलं. लागलं सगळं.
मशीन आलं त्या दिवसापासून होतं. मी उघडलं नाही.
तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जा, घेऊन ये तिला.”

१६ फेब्रु.
निरवांगी. छायाचे वडील, आबा, कांद्याच्या वाफ्यात होते. छाया चहा घेऊन आली. सगळं सांगितलं.
“कधीपास्नं हुतं त्यात?”
म्हटलं, पहिल्या दिवसापासून.
ती कपाकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. आबा म्हणाले, “आत्ता कुटं सावरतीय पोरगी. ऱ्हाऊ द्या की.”
रस्त्यापर्यंत सोडायला ती आली. “मी न्हाय म्हणत न्हाय, भाऊ. पण वरसा-दोन वरसात परत नवं कायतरी येईल. तवा?”
एसटी आली.

२३ फेब्रु.
निरोप नाही. तात्यांनी आज विचारलं, म्हटलं विचार करतीय.
सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र लिहायला घेतलं. पुढचं काढाल तेव्हा ते एका हातानं चालतं का, आधी बघा. एका माणसासाठी नाही, अशी किती असतील... इथवर लिहिलं. तिचं नाव-गाव घालावं असं वाटतंय, नाहीतर कोण मनावर घेणार. पण तिला विचारलेलं नाही. पत्र तसंच टेबलावर.