बोटांचा आवाज, डब्यांचा आवाज आणि मागची खोली

लिहून ठेवणार मी स्वतः. दुकानात मला ताई म्हणतात, क्लासात मॅडम आणि भाची आत्या म्हणते. तिन्ही हाकांना मी ओ देते, सबब ओळखीबद्दल वाद नसावा. धंदा गिटार शिकवण्याचा. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल फक्त माझ्या धाकट्या भावाला शंका आहे, आणि तीही एकाच विषयापुरती; तो विषय पुढे येईल.

पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे हो." पण किरकोळ म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. म्हणून कोणाच्याही दडपणाला, गोड बोलण्याला किंवा रडण्याला बळी न पडता मी माझी मिळकत आणि माझी मतं खालीलप्रमाणे वाटून देत आहे. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मागच्या खोलीचा आहे. ती कोणाला, हे वाचण्यासाठी कोणी पानं उलटू नयेत. क्रमाने वाचावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या यजमानांना. आयुष्यभर मी वाजवत असताना त्यांनी "छान" एवढाच शब्द उच्चारला, तोही मी वाजवणं थांबवल्यावर. आवाज बोटांतून येतो की सामानातून, यावर त्यांचं मत असं की तो दारातून येतो आणि दार लावलं की कमी होतो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

कलम २. कपाटाच्या खालच्या खणातल्या सर्व डब्या भावाला परत. पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या या डब्या, ज्यांना तो पेडल म्हणतो, त्याने मला दर वाढदिवसाला एकेक भेट दिल्या. "ताई, ही लाव. टोन म्हणजे काय ते कळेल तुला." एकदाच एक लावली. विहिरीत पडलेल्या माणसाने मदत मागावी तसा आवाज आला. भाऊ डोळे मिटून म्हणाला, "हाच तो!" बाकीच्या डब्यांचं प्लास्टिकही मी काढलेलं नाही, त्याला त्या नव्या म्हणून विकता येतील. मनात राग नाही. प्रेमाने दिल्या होत्या, प्रेमाने परत करते.

कलम ३. माझी जुनी गिटार, जिच्या पोटाला चीर आहे, ती क्लासातल्या मुलांना रोज वाजवण्यासाठी. माझ्या पश्चात ती काचेच्या कपाटात लावून समोर दिवा लावण्याचा भावाचा बेत आहे, हे मला ठाऊक आहे. तसं केल्यास मी त्याच्या दुकानातल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमधून घरघर करीन.

कलम ४. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य यांना माझं ताल मोजायचं लाकडी यंत्र. साहेबांकडे भावाच्या दुकानातली सगळ्यात महागडी गिटार आहे, सगळ्यात महागडा अ‍ॅम्प आहे आणि एक धून आहे. ती धून ते दाढ काढण्याच्या घाईने वाजवतात. यंत्र सोबत दिल्याने मतपरिवर्तन होईल अशी आशा नाही, तरी द्यावं.

कलम ५. मागची खोली. चतुःसीमा: पूर्वेस भावाचं वाद्यांच्या सामानाचं दुकान, पश्चिमेस शिंप्याचं दुकान, दक्षिणेस जिना, उत्तरेस उघडी खिडकी. खोली माझ्या कमाईची आणि माझ्या नावावर आहे. खोली आणि दुकान यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे. त्या भिंतीच्या पलीकडे भाऊ गिऱ्हाइकाला सांगतो, "सगळा खेळ सामानाचा." गिऱ्हाईक सामान घेतं, आवाज काही येत नाही, मग ते माझ्याकडे शिकायला येतं. मी सांगते, "सगळा खेळ बोटांचा." ते काही दिवस बोटं झिजवतं, कंटाळतं आणि पुन्हा पुढे जाऊन नवीन डबी घेतं. असं एक गिऱ्हाईक आम्हा दोघांना वर्षानुवर्षं पुरतं. त्याचं पोट सामानावर, माझं बोटांवर. म्हणून आमची मतं प्रामाणिक धरावीत.

आता भावाला ती भिंत पाडायची आहे. गुडघ्यामुळे क्लास झेपणार नाही असं वाटून मीही त्याला आधी हो म्हणून बसले. गवंडी येऊन टेप लावून गेला. खोलीचं शोरूम होणार, क्लास बंद. आणि माझी भाची, म्हणजे याच भावाची मुलगी, जिला इथे शिकवायचं आहे, ती पहिल्या तारखेपासून विमा कंपनीत नोकरीला लागणार. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "जागा असती तर नसते गेले गं आत्या. पण बाबांकडे मागायची नाही मी. त्यांचं स्वप्न आहे ते."

ती इथेच का हवी, हे सांगण्यासाठी पडद्याची हकीकत नोंदवणं भाग आहे. गेल्या वर्षी वाद एकदाचा मिटवायचा म्हणून आम्ही शिंप्याकडून सोफ्याच्या खोळीचं कापड आणून खोलीत आडवं बांधलं. आम्ही दोघं आळीपाळीने वाजवायला पडद्यामागे, न्यायाधीश म्हणून शिंपी पडद्यापुढे, तोही डोळे मिटून, कारण भावाला पडद्याची खात्री नव्हती. गिटारी बदलल्या, अ‍ॅम्प बदलले. शिंप्याने मला दर वेळी ओळखलं.

"बघ," मी म्हटलं, "बोटं!"

"बोटं कसली," भाऊ म्हणाला. "तिसऱ्या ओळीत तू दर वेळी घाई करतेस, त्यावरून ओळखतोय तो."

"ती घाई नाही, तोच माझा टोन आहे."

"मग माझ्या गिऱ्हाइकांकडे टोनच टोन आहे ताई, सगळेच घाई करतात!"

भांडता भांडता आम्ही दोघंही पडद्याबाहेर आलो, हे आमच्या लक्षातच आलं नाही. मागून वाजायला लागलं. शिंपी मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "ताई." मी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होते. वाजणं बदललं. "आता भाऊ," शिंपी म्हणाला. भाऊ माझ्या शेजारी, तोंड उघडं. पडदा ओढला तर तारा बदलून द्यायला बसवलेली भाची. हातात दुकानातली सर्वांत स्वस्त गिटार आणि अ‍ॅम्प एकच.

"कुठली डबी लावलीस?" भाऊ ओरडला. "हे शिकवलं कोणी तुला?" मी ओरडले. दोन्ही एकदमच.

"दोघं गप्प बसाल तर सांगते," ती म्हणाली. "तुम्ही आपापलंच ऐकता. मी भिंतीच्या दोन्ही बाजूंचं ऐकत मोठी झाले. तुझी घाई कुठे येते ते मला माहितीये आत्या. आणि बाबा, तुम्ही हळूच अ‍ॅम्पचा आवाज कमी करून मग वाजवता, तेही. डबी नाही लावली. ऐकलं फक्त."

बोटं तिच्याकडे आहेतच, सामान तिच्या बापाकडे आहे. कान आमच्या दोघांकडेही नव्हते, हे मी सही करून मान्य करते. सबब, माझ्या पश्चात मागची खोली माझ्या भाचीस द्यावी. भिंत पाडू नये. पुढच्या दुकानातलं कोणतंही सामान प्लास्टिक काढून वापरण्याचा तिला हक्क असावा. भावाने त्या वेळी डोळे मिटून घ्यावेत, त्याची त्याला सवय आहे.

कलम ६. मृत्युपत्राची अंमलबजावणी भावजयीने करावी. ती वकील आहे. भाचीची आई असल्यामुळे आपण मसुदा करू नये असं तिनेच बजावलं. म्हणून मजकूर माझा, फक्त शुद्धलेखन तिचं.

पुरवणी. वरील मजकूर शुद्धलेखनासाठी भावजयीकडे गेला. तिने कोणाला एका शब्दाने काही सांगितलं नाही. फक्त कागद जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला आणि अंघोळीला गेली. ती बाहेर येईपर्यंत भाऊ माझ्या दारात.

मी भांडणाच्या तयारीत होते. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "तुला काही कळतं का गं?"

"कशाबद्दल?"

"माझ्या पश्चात म्हणे! गुडघ्याने माणूस मरतो का? तू नव्वद वर्षं जगणार. तोवर पोरगी विमा कंपनीतून रिटायर होईल. मग देणार खोली? काठी टेकत येईल ती."

"मग तुझं शोरूम?"

तो तारेचा एक तुकडा बोटाला गुंडाळू लागला. "तिने मला विचारलं का नाही ताई?"

"तुझं स्वप्न आहे म्हणाली."

"स्वप्न!" तो म्हणाला. "डब्या मांडायला जागा हवी होती फक्त. दुकानातच वर लावेन फळ्या."

आम्ही कागद घेऊन भावजयीकडे गेलो आणि सांगितलं, कलम पाच आजपासूनच लागू कर. ती म्हणाली, "मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही, त्यासाठी बक्षीसपत्र करावं लागतं." ते केलं, नोंदवलं. भाचीने विमा कंपनीला नकार कळवला. सबब, कलम ५ रद्द समजावं. जी खोली माझी नाही ती मला कोणाला देता येणार नाही. बाकीची कलमं कायम.

नव्या मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आत्या, तुझे वार मंगळवार आणि शुक्रवार. बाकी दिवशी दार वाजवून यायचं." मी दार वाजवून गेले. आत बारकी पोरं, बापाच्या दुकानातला नवाकोरा अ‍ॅम्प आणि मधोमध ती. मी कडेच्या बाकावर बसले. माझ्या पश्चात तिथे काय होणार आहे ते मी सगळं पाहिलं. आवाज चांगला येतो. कशातून, ते मी विचारलं नाही.

ठिकाण: भाचीची खोली, परवानगीने.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या सोमवारी.

सही: ताई

आमच्या समक्ष सही केली, सही करताना हसत होत्या:
साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी
साक्षीदार दुसरी: क्लासातली सर्वांत जुनी विद्यार्थिनी, निवृत्त परिचारिका