गाडीचा मेंदू आणि नानांचे नारळ

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
५ जून २००७

ती. दादा यांस,

धाकट्या गुणवंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा गुडघा, तुझा खोकला आणि गाभण म्हैस या तिघांचीही तब्येत सुधारली असेल असं धरून चालतो, कारण आमच्याकडे सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही. तू खोली सारवून, फणस राखून वाट पाहत बसलास आणि आम्ही आलो नाही. राग आला असेल, आणि तो योग्यच आहे. फक्त तो माझ्यावर न काढता गाडीच्या मेंदूवर काढावास, म्हणून हे पत्र. (फोनवर हे बोलता येत नाही. नाना शेजारीच बसलेले असतात.)

आपल्या नानांचं तुला माहीतच आहे. सगळं विसरत चाललेत, पण 'मला घरी ने' एवढं मात्र रोज आठवतं. डॉक्टर म्हणाले, घर ओळखताहेत तोवर एकदा नेऊन आणा. कंबर अशी की एसटी नको, रेल्वे नको. म्हणून ही जुनी गाडी घेतली. तिच्या इंजिनाला हुकूम सोडणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा असतो, त्याला ईसीएम म्हणतात, आणि तो कुणा शहाण्याने पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्याखाली बसवलाय. नाना बसतात नेमके तिथेच.

निघायच्या दिवशी नानांनी धोतर-टोपी घालून सीटवरूनच गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं (त्यात माझ्या अडलेल्या प्रमोशनपर्यंत सगळं आलं) आणि नारळ फोडला. कंबरेमुळे सारखं खाली उतरवत नाही, म्हणून गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावरच. गाडी काशीमिऱ्यापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

पेणकरपाड्याच्या बबन मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. लॅपटॉप कधी पंप खराब म्हणे, कधी सेन्सर. शेवटी बबनने निकाल दिला, "काका, ईसीएमच गेलाय. बाकी गाडी एकदम मस्त आहे." (म्हणजे माणूस गेला, पण दात मजबूत आहेत.) डबा दुरुस्तीला पाठवला, तर आत पाणी शिरलंय असा निरोप आला. मी ताबडतोब सोसायटीत गाड्या धुणाऱ्या नाथाला नाही नाही ते बोललो आणि कामावरून काढलं. डबा परत आला, गाडी सुरू झाली, नानांनी आनंदाने आणखी एक नारळ फोडला आणि गाडी गेटातच बसली. मग बबनने अपघातातल्या एका गाडीचा डबा आणून लावला. तो आमची चावीच ओळखेना, म्हणून जुनाच परत जागेवर ठेवला. त्याच आठवड्यात नानांनी मला विचारलं, "आपण कुठले?" दादा, त्या दिवशी मी बंद गाडीत बसून रडलो. बायकोला सांगितलं, डोळ्यात ग्रीस गेलं.

इकडे नानांना धीर कुठला? रोज संध्याकाळी टोपी घालून बिघडलेल्या गाडीत जाऊन बसत. मी स्टिअरिंग धरून शेजारी बसलो नाही तर आरडाओरडा. "वडखळ आला काय रं?" मी म्हणायचो, आला. मग महाड, मग कशेडीचा घाट. घाटात मी अंगाने जरा डावीकडे-उजवीकडे झुकायचो. (समोरच्या गुजराती बाई तेवढ्यात मुलांना खिडकीतून आत घेत.) एका संध्याकाळी चिपळूण मागे टाकलं आणि नाना म्हणाले, "थांबव रं. घर आला." उतरले, सोसायटीच्या नळावर पाय धुतले आणि वॉचमनला विचारलं, "काशीनाथ कुठं हाय?" तो बिचारा म्हणाला, "मालूम नहीं, दादाजी." मी म्हटलं, दादा रानात गेलाय. मग बराच वेळ ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना इतकं शांत मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

परवा बबनने गालिचा उचलला, तर खाली मुंग्यांची रांग, सरळ आपल्या जुन्या डब्यात. पाणी नाथाचं नव्हतं, नारळाचं होतं! उंबऱ्यावरून दर वेळी आत झिरपलेलं. बबनने डबा उघडून साफ केला, दोन ठिकाणी सोल्डरचा डाग दिला आणि वर, डॅशबोर्डच्या आत नेऊन बसवला. मी नाथाच्या घरी जाऊन माफी मागितली. आता गाडी एका चावीत सुरू होते. मी धावत वर गेलो, म्हटलं, नाना, चला गावी. नाना म्हणाले, "आताच तर जाऊन आलो. सारखं सारखं कशाला?" पुष्कळ समजावलं, पण त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
गुणवंत

ता. क. : फणस कापून खा. आम्ही येत नाही. रविवारी नाना तुला फोन करतील. आम्ही येऊन गेलो, असंच सांग. तू रानात होतास, म्हणून भेट राहिली.

ता. क. पुन्हा : त्या संध्याकाळी पायरीवर आई शेजारी येऊन बसली होती, असं नाना म्हणतात. ती जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिची चौकशी केली तर बरी आहे म्हण. आणि तिला फोनवर बोलाव म्हणाले, तर विहिरीवर गेलीय म्हण.