वळणावरचा हॉर्न

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आज पुन्हा डावा आरसा गेला. वाडीच्या अरुंद पाणंदीत, कुंपणाच्या दगडी गडग्याला घासून. शेजारी डोळे मिटून बसलेल्या बायकोला, सत्यवतीला, सांगितलं, समोरच्या टेम्पोने साइड दिली नाही. साफ खोटं! टेम्पोवाला बिचारा चाळीस पावलं रिव्हर्सने मागे गेला होता. तेवढ्या जागेतून एखाद्याने लग्नाची वरातही काढली असती. मला गडगाच दिसला नाही. निदान इथे तरी खरं लिहावं.

गणपतीपासून डाव्या डोळ्यासमोर धुकं आहे. आधी वाटलं चष्म्याची काच मळली. मग वाटलं नंबर वाढला. आता उजवा डोळा झाकला की भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे गायब. वडील शेवटची नऊ वर्षं काचबिंदूने आंधळे होते. पडवीचा खांब धरून अंगणात उतरायचे, आणि कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांचंही डावीकडूनच सुरू झालं होतं. कोणाला काही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे जायची हिंमत नाही. तो एकदा बोलला की गाडीही गेली आणि डोळेही गेले.

४ डिसेंबर, बुधवार

नवा आरसा बसवला. बाजार करायचाय म्हणून सत्यवतीही बरोबर आली. गॅरेजवाला सत्यवान म्हणतो, "भाई, गडगे रस्त्यात येवक लागले काय?" हसून वेळ मारून नेली.

६ डिसेंबर, शुक्रवार

विचार केला तर आमच्या जामसंड्यात गाडी चालवायला डोळे लागतातच किती? सव्वीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून याच रस्त्यांनी गेलो-आलो. कुठे चिऱ्यांचा गडगा पुढे आलाय, कुठे फणसाची मुळं रस्त्यात आलीत, कुठे कोणाची म्हैस बसते – सगळं तोंडपाठ. आणि बाकीचं काम कानांचं. आमच्या पाणंदीत एका वेळी एकच गाडी मावते आणि वळणापलीकडचं तर धडधाकट डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून वळणाआधी एक लांब हॉर्न द्यायचा. काच खाली, कान बाहेर. पलीकडे कोणी असेल तर तो दोन आखूड हॉर्न देतो. मग ज्याच्या मागे जागा तो मागे जातो. चढणीचा पुढे येतो, उतरणीचा थांबतो. उलट हॉर्न आला नाही म्हणजे रस्ता मोकळा. बेलाशक वळायचं.

हे कोणी शिकवत नाही. लायसन्सच्या परीक्षेतही विचारत नाहीत. पण इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुंबई-पुण्याचे पर्यटक येतात ते हॉर्न ऐकून रागावतात. त्यांना वाटतं आम्ही शिव्या देतोय! अरे बाबांनो, आम्ही तुमची चौकशी करतोय.

तर सांगायचं काय, मी कानांनी गाडी चालवतो आणि ती नीट चालते. आरसे सोडून.

८ डिसेंबर, रविवार

सुशांतचा कोल्हापुराहून फोन. नातीचा, गौरजाचा, सातवा वाढदिवस पंधराला. दोघांनी गाडी घेऊनच या म्हणतो. मी एसटीचं नाव काढलं. सत्यवतीने पंचवीस नारळ, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या, वड्यांचं पीठ आणि तांदळाचं पोतं एवढी यादी वाचली आणि विचारलं, "मगे गाडी कित्याक घेतलास?"

 खरं कारण सांगता येत नव्हतं. गाडीनेच जायचं ठरलं.

१४ डिसेंबर, शनिवार. कोल्हापूर

पोचलो! देवा रवळनाथा, पोचलो.

फोंडाघाट अगदी झकास चढलो. एसटीवाले, ट्रकवाले सगळे आपलेच. हॉर्नला हॉर्न, साइडला साइड. राधानगरी मागे पडली आणि रस्ता सरळ झाला, तसा माझा जीव अर्धा झाला. आमच्याकडे वळणामुळे माणूस हळू जातो. इथे वळणच नाही, मग हळू जायचं कशाला? ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा एकालाही नाही, गाणी मात्र अख्ख्या गावाला ऐकू जातील अशी. मी हॉर्न देतोय, उत्तर कोणी देत नाही. डावीकडून मोटारसायकली घुसतात. सत्यवती शेजारी बसून एकसारखी बोलत होती. काय बोलत होती ते आता आठवत नाही, पण तिच्या बोलण्याने जागेवर राहिलो.

शहरात शिरल्यावर एकाला पत्ता विचारला. "हितनं सरळ फुडं जावा, तिकटीला डावीकडं मारा." आमचा तिठा तो इथली तिकटी. तीन रस्ते तेवढेच, फक्त त्यात माणसं शंभरपट. सूनबाई इशिता इथलीच. ती मला भाई म्हणते, सुशांत म्हणतो म्हणून. तिच्या माहेरी पहिल्यांदा हे ऐकून सगळे दचकले होते, कारण इथे भाई म्हणजे चौकात ज्याचे वाढदिवसाचे फलक लागतात तो. आणि मी आपला पेन्शनर!

जेवण उत्तम. तांबडा रस्सा दोन वाट्या.

१५ डिसेंबर, रविवार

 आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

केक आणायचा होता. सुशांत-इशिता हॉल सजवत होते. मी म्हटलं, मी आणतो, दोन गल्ल्यांवर तर आहे. फुशारकी, दुसरं काय. सत्यवतीची कढई चुलीवर, वडे अर्धे तळलेले. आतून ओरडली, "थांबा, मी येतंय." वड्यांसाठी कोण थांबतं? गौरजाला मागच्या सीटवर बसवलं आणि निघालो.

दुसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर उंच कंपाउंड. पलीकडचं दिसत नाही. मी आपला नेहमीसारखा एक लांब हॉर्न दिला. काच खाली केली. कान दिला. उलट हॉर्न नाही. म्हणजे मोकळा. डावीकडे वळवली.

आणि बोनेटसमोर एक बाई. स्कूटरवरून. कुठून आली कळलंच नाही. ब्रेक लागला तेव्हा तिचं पुढचं चाक बंपरला टेकलेलं होतं आणि ती आडवी. पिशवीतले टोमॅटो रस्ताभर. एक क्षण ती हलली नाही. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग उठली. हेल्मेट होतं. तळहात सोलवटला होता, बाकी काही नाही. लोक जमले. एकजण खिडकीत वाकून म्हणाला, "काय ओ काका, दिसत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, हॉर्न दिला होता.

"हॉर्न तर सगळेच देत्यात. बघायचं असतंय की ओ."

तो काही लागट बोलला नव्हता. कोणीही कोणालाही बोलतं तसं बोलला. पण मला वाटलं भर रस्त्यात माझी फाइलच उघडली. आणि ती बाई काय म्हणाली? म्हणाली, माझंच चुकलं, मी जरा वेगात होते. तिचं काही चुकलं नव्हतं! आणि मी गप्प बसलो. टोमॅटो गोळा करून दिले आणि गप्प बसलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक पावती खोटी फाडली नाही, आणि आज माझी चूक एका परक्या बाईच्या नावावर जाऊ दिली.

परत येताना गौरजाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला ती स्कूटर दिसली नव्हती?" म्हटलं, दिसली होती गो. सात वर्षांच्या पोरीला वाढदिवसाच्या दिवशी खोटं सांगितलं.

पोरगी गाडीत होती. हेच पुन्हा पुन्हा मनात येतं.

१६ डिसेंबर, सोमवार

सांगून टाकलं की पाठ धरली आहे, एसटीने जातो, गाडी राहू दे इथेच. सुशांत बघतच राहिला. सत्यवतीने पिशव्या भरायला घेतल्या. इशिता म्हणाली दोन दिवस रजा शिल्लक आहे, तुमच्याच गाडीने मीच सोडते, तेवढंच जामसंड्याला यायला मिळेल. नको म्हणायला कारण सापडेना. तिचं गाडी चालवणं मला कधीच पटलेलं नाही. पण आज ते म्हणण्याचा अधिकार कुठे राहिलाय?

१७ डिसेंबर, मंगळवार. जामसंडे

सुटलो. आज सुटलो!

क्रमाने लिहितो. इशिता गाडीवर, मी शेजारी, सत्यवती मागे डोळे मिटून. राधानगरीपर्यंत मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून होतो. पण खरं सांगायचं तर पोरीचा हात चांगला आहे. ट्रॅक्टरला कधी ओलांडायचं, मोटारसायकलवाला कधी आत घुसणार, तिला आधीच कळतं. तिथल्या रस्त्याचं गणित तिला येतं, जसं मला इथलं.

घाट लागला आणि तिचं गणित फसलं. हॉर्न न देताच वळणात घुसली. समोर एसटी! दोन्हीकडून ब्रेक. ड्रायव्हरने हात जोडून दाखवले, म्हणजे आमच्याकडची सगळ्यात सभ्य शिवी. इशिता पांढरीफटक. मी म्हटलं, बाजूला घे, पाणी पी.

मग तिला शिकवलं. लांब हॉर्न. काच खाली. थांब. ऐक.

तिने विचारलं, "ऐकायचं? आणि बघायचं कधी?"

साधा प्रश्न. शिकणाऱ्याने विचारावा तसा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी ऐकूनच चालवतो. डाव्या डोळ्याने मला दिसत नाही."

मग सगळंच निघालं. आरसे, वडील, पडवीचा खांब, ती स्कूटरवाली बाई, तिचं ते 'माझंच चुकलं'. घाटातल्या कठड्यापाशी गाडी उभी करून, वर्षभरात पाच वाक्यं न बोललेल्या सुनेसमोर मी रडलो. तिने गाडी बंद केली, बाटली पुढे केली. "चालतंय की भाई. उद्या डॉक्टरांकडं जाऊया. आधी कळू तर दे काय हाय ते." बस, एवढंच. ना ओरड, ना उपदेश. तीन महिने छातीवर धरलेला धोंडा आणि तिने तो बाजूला ठेवला, नारळाचं पोतं उचलून ठेवावं तसा.

सत्यवतीला सांगू नकोस म्हटलं. मागे बघितलं तर झोपली होती.

पुढचा सगळा घाट इशिताने हॉर्न देत उतरवला. पाचव्या वळणावर पलीकडून दोन आखूड हॉर्न आले, तेव्हा पोरगी लहान मुलासारखी हसली. "अय्या, बोलला की!"

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी सत्यवतीला मीच सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेईल. ती चहा गाळत होती, गाळतच राहिली. "बरा झाला सांगितलास." मग म्हणाली पेज खा आणि लवकर तयारी करा, डॉक्टर उशिरा भेटणत नाय. चाळीस वर्षांचा संसार, तरी या बाईचा अंदाज येत नाही.

१८ डिसेंबर, संध्याकाळ

मोतीबिंदू!

काचबिंदू नाही. मोतीबिंदू. पिकलेला, जाड, डाव्या डोळ्यात. उजव्यात नुसती सुरुवात. प्रेशर तपासलं, मागचा पडदा तपासला, सगळं ठीक. वडिलांचं दुखणं माझ्यात आलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस का आला नाहीत?  इशिताने परस्पर सांगून टाकलं, "पाठ धरली होती त्यांची." जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते आज कळलं. बाहेर येऊन तिघांनी उभ्या उभ्या उसाचा रस प्यायला. बर्फ घालून. डिसेंबरात!

ऑपरेशन सात जानेवारीला. तोवर स्टीअरिंगला हात लावायचा नाही. लावणारही नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

इशिताने त्या स्कूटरवाल्या बाईंचा नंबर मिळवला, कोपऱ्यालगतच्या केकच्या दुकानात विचारून; त्या तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाईक. सारिका नाव. फोन केला. म्हटलं, ताई, चूक तुमची नव्हती, माझी होती. मला डावीकडचं दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.  त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलं काका, त्या दिवसापासून त्या कोपऱ्यावर मी स्कूटरवरून उतरून चालत जाते.  म्हटलं, आता नका उतरू.

हात बरा आहे त्यांचा.

८ जानेवारी २०२५, बुधवार

पट्टी काढली. उजवा डोळा झाकून कॅलेंडर बघितलं. आठ. नऊ. दहा. संकष्टी कधी ते बारीक अक्षरातलंसुद्धा! आणि अंगणातल्या जास्वंदीचा रंग इतका लाल असतो हे मी विसरूनच गेलो होतो. सत्यवतीला म्हटलं, तुझे केस किती पिकलेत गो. तर म्हणते, परत बांधा ती पट्टी.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांची परवानगी मिळाली. गाडी बाहेर काढली. सवयीने डावीकडचं दार उघडून सत्यवतीला हाक मारली, चल. ती ओटीवरून उठलीच नाही. "आता तुमी एकटे जावा. माका घरात कामा आसत."

तिठ्यापर्यंत गेलो आणि गाडी बाजूला घेतली. गणपतीपासून तिने मला एकदाही एकट्याला गाडी घेऊन जाऊ दिलं नव्हतं. बाजाराला नाही, बँकेत नाही, सत्यवानच्या गॅरेजमध्येसुद्धा नाही. फक्त त्या केकच्या दिवशी, वडे कढईत होते म्हणून.