मसुदा मोठ्याने वाचताना

८ एप्रिल, मंगळवार

आजही सही झाली नाही! कारण — माझी हरकत.

उरले काहीच नव्हते. धंतोलीतल्या या रुग्णालयाचा कामगार करार डिसेंबरात संपला. जानेवारीपासून दर मंगळवारी आम्ही नव्या करारासाठी बसतो आहोत. आया, वॉर्डबॉय, परिचारिका — सगळ्यांची मूळ वेतनवाढ ठरली. महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधून घेतला. खरी लढाई तीच होती आणि ती आम्ही जिंकलो. युनियनची सचिव दामिनी, स्वतः परिचारिका, पेनचे टोपण काढून बसली होती. आणि मी म्हणाले : रात्रपाळीचा भत्ता ठोक रकमेत नको, वेतनाच्या टक्केवारीत हवा. ठोक रक्कम महागाईने झिजते, टक्केवारी झिजत नाही.

युक्तिवाद निर्दोष होता. संचालक वैतागले. त्यांचे सल्लागार गिरडकर यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाईंची हरकत विचार करण्याजोगी आहे. पुढच्या मंगळवारी पाहू."

जिन्यात दामिनीने गाठले. "ताई, ठोक रकमेवर सगळे राजी होते ना? मग आज अचानक काय झालं?" मी तिला झीज समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले. ऐकून घेणे आणि पटणे यांतला फरक मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होते तेव्हापासून ओळखते.

९ एप्रिल, बुधवार

धरमपेठेत भाजी आणली. दिवसभरात बोलणे झाले ते भाजीवाल्याशीच. तिथेही मी पहिला भाव मान्य करत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

गिरडकरांविषयी या वहीत आजवर काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काय होते? ते व्यवस्थापनाचे सल्लागार, मी कामगारांची. आधी सूतगिरणी होती, मग खाणी, मग कारखाने, आता रुग्णालये. माझ्यासमोरची खुर्ची मात्र बहुतेक वेळा त्यांचीच. चंपतराव गिरडकर, वकील, मूळचे सावनेरचे. बोलतात न्यायालयात उभे असल्यासारखे. पण रागावले किंवा मनापासून काही बोलले की तत्क्षणी सावनेरचे होतात.

आमची एक पद्धत आहे. दोन्ही बाजूंची मंडळी आपापसांत सल्लामसलतीसाठी बाहेर गेली की आम्ही दोघे मागे थांबून मसुदा मोठ्याने वाचतो. माझी कलमे ते वाचतात, त्यांची मी. आपले वाक्य विरोधकाच्या तोंडी दिले की त्यातला लंगडेपणा लगेच ऐकू येतो. ही पद्धत कोणी सुरू केली, आता आठवत नाही.

बाकीचे नियम माझे. बोलणी चालू असताना समोरच्यांचा चहा घ्यायचा नाही, आपल्या माणसांचाही नाही. थर्मास घरून न्यायचा. टेबलावर कोणा एका कामगाराचे नाव घ्यायचे नाही, कारण मग डाव त्याच्यावर येतो. आणि जे लेखी नाही, ते बोललेच गेले नाही असे समजायचे.

१ तारखेच्या वाचनानंतर गिरडकर म्हणाले, "बाई, हा करार झाला की मी थांबतो. मुलगा पुण्याला बोलावतो आहे. घरी आता मी एकटाच असतो. मेमध्ये जाईन म्हणतो."

मी म्हणाले, "कलम नऊ वाचायचं राहिलं आहे."

ते वाचले.

१३ एप्रिल, रविवार

शुक्रवारपासून या घरात माझा आवाज झालेला नाही. मंगळवारी पहिले वाक्य नेहमी घोगरे निघते. खाकरून घ्यावे लागते. तेवढा वेळ गिरडकर कागद चाळत असतात. आज जेवताना लक्षात आले — ते चाळत नसतात. थांबलेले असतात.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी बायजाबाईचा फोन. बायजाबाई स्त्री-वॉर्डातली सर्वांत जुनी आया. युनियनची पहिली पावती तिने फाडून घेतली होती.

"जयभीम, ताई! आज घरी जेवाले या ना. खीर केली हाये. पोट्टेपाट्टे सारे जमले, मिरवणूक पाहाले जाऊ संगंच."

"बोलणी संपली की येईन, बायजाबाई. नियम आहे माझा."

"लय कडक हाये वं माय तुमचा नेम! बोलनी संपतीन तवा मी घरीच बसून राहीन. तीस तारखेले माही शेवटची ड्युटी."

फोन ठेवला आणि कलम चौदा आठवले. नवे वेतन आणि मागचा फरक, सहीच्या दिवशी कामावर असलेल्यांनाच. हे कलम मी फेब्रुवारीत मान्य केले. तेव्हा मार्चमध्ये सही होणार हे उघड दिसत होते. म्हणजे तीस तारखेच्या आत सही झाली नाही तर बायजाबाईला फरकाची रक्कम नाही, आणि ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर. हयात दुसऱ्यांची भांडी उचलण्यात गेली, आणि हिशेब जुन्या पगारावर!

अजून दोन मंगळवार आहेत. नव्हे, तीन. पुरेसे आहेत.

संध्याकाळी मिरवणुकीचा आवाज खिडकीपर्यंत आला. खीर वेलची घालून केली असेल की जायफळ?

१५ एप्रिल, मंगळवार

कलम चौदामधली तारीख मागे न्यावी, असे सुचवले. नाव अर्थातच घेतले नाही. संचालक म्हणाले, "मॅडम, मिटलेलं एक कलम उघडलं की बाकीची उघडायला किती वेळ लागेल?" त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

टक्केवारीवर ते हटेनात. मंडळी बाहेर गेली. गिरडकरांनी माझे रात्रपाळीचे कलम वाचले. शेवटच्या अर्धविरामाशी थांबले आणि म्हणाले, "चांगलं बांधलंय." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या वाक्याला दोष दिले आहेत, बगल दिली आहे, दाद कधी दिली नव्हती.

मी आभार मानले नाहीत. निर्णय पुढच्या मंगळवारवर गेला.

जिन्यात पुन्हा दामिनी. "सोडून देऊ ना रात्रपाळी, ताई. वॉर्डात सगळ्या विचारून राहिल्या, अडलंय कुठं म्हणून. मी काय सांगू?"

"पुढच्या मंगळवारी निकाल लागेल, असं सांग."

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी टेबलाशी बसून रीतसर मांडणी केली, विद्यार्थ्यांकडून करून घेत असे तशी.

प्रतिज्ञा : माझी हरकत कामगारांच्या हिताची आहे. कारण : ठोक रक्कम झिजते. कारण खरे आहे. पण त्यावरून प्रतिज्ञा सिद्ध होते का? कराराची मुदत तीन वर्षे. तेवढ्या काळात दोन्ही पद्धतींत जो फरक पडतो त्यात एका घराचा महिन्याचा चहासुद्धा येणार नाही. आणि हे मला ८ तारखेलाही ठाऊक होते! खऱ्या कारणावरून खोटा निष्कर्ष काढला आहे, आणि काढणारी मी आहे.

मग हरकत घेतली कशासाठी? उत्तर एका ओळीचे आहे. ती ओळ लिहायची इच्छा नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

लिहिते. सही झाली की मंगळवार संपतो.

२० एप्रिल, रविवार

कूलरची खस बदलायला माणूस येणार होता, आला नाही. पंख्याखाली बसून राहिले. भिंतीही तापल्या आहेत. एकदा उगाच मोठ्याने म्हणून पाहिले : "कलम एक. व्याख्या." कानाला बरे वाटले नाही. आपले कलम आपणच वाचण्यात अर्थ नसतो.

२२ एप्रिल, मंगळवार

हरकत मागे घ्यायची म्हणून गेले — आणि बैठकच नाही! संचालक मुंबईला. गिरडकरही आले नव्हते. त्यांना कळवले गेले असणार. मला कळवायचे कोणाला सुचले नाही.

तिथेच बसून पत्र लिहिले : रात्रपाळीच्या भत्त्याविषयीची हरकत मागे घेत आहोत, ठोक रक्कम मान्य. दामिनीची सही घेतली, प्रत आवक विभागात दिली, शिक्का घेतला. मग तिला पायरीवर बसवून सांगितले की या हरकतीची गरज नव्हती. ती माझी चूक होती आणि तिच्यापायी बायजाबाईचे नुकसान होऊ शकते. चुकीचे कारण सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

ती म्हणाली, "खरं सांगू ताई? तुमचंही चुकतं हे ऐकून जीव थोडा हलका झाला माझा. फक्त बायजाबाईला नका सांगू हं. ती तुमच्या नावानं साऱ्या वॉर्डाला दम देते."

उन्हात रिक्षा मिळेना. चालत निघाले. आता एकच मंगळवार.

२६ एप्रिल, शनिवार

मसुदा पुन्हा तपासला. दोष नाही. दोष सापडावा असे कुठेतरी वाटत होते का, तेही तपासले. वाटत होते.

२९ एप्रिल, मंगळवार

क्रमाने लिहिते.

सगळे बसले. संचालक खुशीत, माझे पत्र मिळाले होते. दामिनीने पुन्हा टोपण काढले. आणि गिरडकर म्हणाले, "माझी एक हरकत आहे. कलम तीन. 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या सैल वाटते. पुन्हा लिहावी लागेल. आठवडा द्या."

संचालक म्हणाले, "साहेब, पण ते कलम तर तुम्हीच लिहिलंय!"

"म्हणूनच मला त्यातलं सैल कळतं."

दामिनीचा चेहरा पडला. मी म्हणाले, बाहेर जाऊन विचार करा. आम्ही कलम वाचून घेतो. मंडळी गेली.

कलम तीन त्यांचे, म्हणजे वाचायचे मी. सावकाश वाचले. शब्दन् शब्द जागेवर होता. जानेवारीपासून दोनदा वाचले आहे. दोन्ही वेळा मनात म्हटले होते, हा माणूस गाठ मारतो ती सुटत नाही. वाचून झाल्यावर वर पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कागदाच्या कडा जुळवत होते — ज्या आधीच जुळलेल्या होत्या.

तेव्हा कळले. रात्रपाळीची माझी हरकत आणि कलम तीनवरची त्यांची : सख्ख्या बहिणी!

मी म्हणाले, "गिरडकरसाहेब, या व्याख्येत काहीही सैल नाही. आपल्यालाही ते माहीत आहे." मग आजवर पाळलेला नियम मोडला आणि नाव घेतले. "स्त्री-वॉर्डातल्या बायजाबाई उद्या निवृत्त होताहेत. आज सही झाली नाही तर त्या कलम चौदातून बाहेर पडतात."

त्यांचा चेहरा उतरला. "उद्या? अन् हे मले आधी काहून नाही सांगितलं, बाई?"

"आधी माझीच हरकत आडवी होती. तीही याच जातीची होती."

हे ऐकून ते हसले — आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना हसताना मी पाहिले आहे ते नेहमी दुसऱ्या कोणाकडे बघून.

मी पुढे म्हणाले, "पुढच्या मंगळवारीही मी धंतोलीत असेन. नेहमीच्या वेळी. बागेत बाक आहेत. आपण आलात तर —"

वाक्य तिथेच राहिले. याआधी माझे वाक्य कधी अपुरे राहिल्याचे मला आठवत नाही.

मंडळी आत आली. गिरडकर म्हणाले, "हरकत मागे." सह्या झाल्या. दामिनीने माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली.

३० एप्रिल, बुधवार

वॉर्डाच्या शेवटच्या टोकाला निरोप. बायजाबाईला हिरवी साडी, पेढे, रुग्णांच्या नातेवाइकांनीही टाळ्या वाजवल्या. तिने चहा आणून पुढे धरला आणि म्हणाली, "आता कोनता नेम हाये?" घेतला. फार गोड होता. सगळा प्यायले.

"एक सांगू ताई? तुमी दोघं आत राहे तवा मी दाराशी उभी राहो. म्हनो, भांडन आयकाले भेटन. कायचं भांडन वं! तुमी तं पोथी लावल्यावानी एकमेकाले वाचून दाखवे." सगळ्या हसल्या. मीही. मग तिने सहज विचारले, "साहेब चालले म्हनते पुन्याले. आता तुमचं कोन वाचन?"

पेढा हातातच राहिला.

३ मे, शनिवार

थर्मास धुऊन माळ्यावर टाकला. संध्याकाळी पुन्हा खाली काढला.

५ मे, सोमवार

बागेत येण्याचे बंधन गिरडकरांवर नाही. प्रस्ताव लेखी नव्हता. माझ्याच नियमाने तो बोललाच गेला नाही. वाक्यही अपुरे होते. अपुऱ्या वाक्याला कोणी उत्तर देत नसते.

६ मे, मंगळवार

आले होते. माझ्याआधी. बाकाच्या एका टोकाला बसलेले, दुसरे टोक मोकळे सोडून.

मी खाकरून घेईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मागणीपत्र आणलंय, बाई? द्या. मी वाचतो."

"तोंडी आहे. या वेळी मलाच वाचावं लागेल."

"मंग वाचा."

वाचले. एकच कलम : पुण्याला जाऊ नका.