हवा खेळती ठेवण्याचे पोस्टर फाटल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
छातीच्या विकारांचे रुग्णालय.

विषय : तळमजल्यावरील परिचारिका विश्रांतिकक्षाची खिडकी उघडण्यास कार्योत्तर मंजुरी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सुप्त क्षयाचा संसर्ग आढळलेल्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याचा आपला आदेश.
२) सदर प्रकरणी आपण जिन्यात उच्चारलेले "बघू".

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी पुरुष कक्षात वरिष्ठ परिचारिका असून माझी नणंद याच रुग्णालयात नुकतीच परिचारिका म्हणून रुजू झाली आहे. प्रस्तुत अर्ज तिच्यासाठी आहे. भावजय नणंदेसाठी अर्ज करते आहे, एवढ्यावरूनच प्रकरणाचे गांभीर्य आपल्या ध्यानात यावे.

१. कर्मचाऱ्यांच्या क्षयाच्या तपासणीत माझ्या हातावर टोचलेल्या जागी चांगली टम्म गाठ उठली. छातीचा फोटो स्वच्छ, खोकला नाही, भूक वाजवीपेक्षा जास्त. जंतू अंगात आहेत पण झोपलेले आहेत, माझ्यापासून ते कोणाला लागत नाहीत, असे छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून गोळ्या सुरू केल्या. तरीही आपल्या आदेशान्वये आम्हा गाठवाल्यांची रवानगी गच्चीलगतच्या खोलीत झाली. जिना चढताना आम्ही रडलो. मग खोली पाहिली.

महोदय, तीन बाजूंनी खिडक्या! सकाळचे ऊन थेट टेबलावर, आणि वारा असा की डब्याचे झाकण धरून जेवावे लागते. जन्मभर अंधाऱ्या खोलीत काढलेले आमचे एक्स-रे तंत्रज्ञ आठवड्याभरात गाऊ लागले. ते बेसूर गातात, पण तो या अर्जाचा विषय नाही. प्रयोगशाळेतील एक गृहस्थ आपली गाठ का उठली नाही म्हणून हिरमुसले असून रोज हात चोळून पाहतात.

२. नणंदेच्या हातावर मात्र काहीही उठले नाही. म्हणून ती खाली राहिली. खालच्या विश्रांतिकक्षाला लागूनच थुंकीचे नमुने घेण्याची जागा आहे. तिथे रुग्णांना "खोल श्वास घ्या आणि जोरात खोका" असे सांगितले जाते व ते अतिशय प्रामाणिकपणे खोकतात. तिथला पंखा ती सगळी हवा विश्रांतिकक्षात ढकलतो. कक्षाला खिडकी एकच, आणि तीही बंद. थोडक्यात, ज्यांच्यापासून कोणालाच धोका नाही ते वर वारा खात आहेत आणि ज्यांना जपायचे ते खाली कोंडले आहेत.

३. मध्यंतरी क्षयाच्या जोखीम घटकांवर व्याख्यान झाले. पडद्यावरचे चित्र नीट दिसावे म्हणून दारे-खिडक्या लावून आम्हा सर्वांना एका खोलीत कोंबण्यात आले आणि कोंदट जागेत गर्दी करू नये, असे सांगण्यात आले. क्षय कक्षात दीर्घ सेवा, थुंकीच्या नमुन्यांशी रोजचा संबंध, ढिला मास्क, मधुमेह, बंद खोली. धूम्रपान सोडले तर मला सगळे घटक लागू पडले. शाळेत एवढे गुण मला कधी मिळाले नव्हते. नणंदेला मात्र मुख्यतः एकच घटक लागू पडला, तो म्हणजे ती खोली. माझी सेवा मागे घेता येत नाही, पण खिडकी हाताने उघडता येते.

४. प्रथम मी आम्हा दोघींच्या जागांची अदलाबदल मागितली. आपले मुख्य लिपिक म्हणाले, "गाठवाल्यांत बसवून तिला काही झालं म्हणजे?" मी म्हटले, "अहो, घरी ती माझ्याच ताटातला घास उचलते." त्यावर घर कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, असे उत्तर मिळाले. मग खिडकी उघडण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली, कारण खिडकीच्या दोन्ही झडपांवर मिळून एक मोठे पोस्टर चिकटवलेले आहे. खिडकी उघडली तर ते फाटेल, आणि ते सरकारी मालमत्ता आहे. पोस्टरवर लिहिले आहे : "हवा खेळती ठेवा." याच टप्प्यावर आपण जिन्यात "बघू" म्हणालात.

५. आज दुपारी आदेश मोडून मी खाली तिच्यासोबत जेवायला गेले. जेवता जेवता ती खोकली. हातातला घास हातातच राहिला. "अगं वहिनी, ठसका लागला नुसता! रडतेस काय?" असे म्हणून ती हसत सुटली. घरी उठता-बसता माझ्या चुका काढणारी ही मुलगी मला इतकी लागते, हे मला आज कळले. मी स्टुलावर चढले आणि झडपांना खांदा लावला. डिंक सरकारी असूनही उत्तम होता. तिसऱ्या धक्क्याला पोस्टर मधोमध फाटले, खिडकी उघडली आणि एवढा वारा आत आला की थुंकीच्या जागेवरचा पडदा उलट्या दिशेने उडू लागला. सगळ्याजणी टाळ्या पिटत होत्या. आवाज ऐकून मुख्य लिपिक धावत आले. खिडकीपुढे उभे राहिले, शर्टाचे वरचे बटण सोडले आणि वारा अंगावर घेत राहिले. शेवटी म्हणाले, "अर्ज द्या." तो हा.

तरी खिडकी उघडण्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी. पोस्टर पुन्हा लावायचे झाल्यास भिंतीवर लावावे. माझी जागा खाली आणून नणंदेला वर बसवावे. पुढच्या तपासणीच्या दिवशी तिचा हात मी स्वतः धरणार आहे. तो आजच्यासारखाच सपाट असावा, एवढे एकच मागणे आहे. बाकी शिस्तभंगाची जी काही कारवाई व्हायची ती उघड्या खिडकीशेजारी बसून स्वीकारीन.

आपल्या "बघू"च्या पुढच्या शब्दाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(स्वाक्षरी)
वरिष्ठ परिचारिका, पुरुष कक्ष

दिनांक : खिडकी उघडली तोच

सोबत : १) पोस्टरचे दोन तुकडे.
२) गच्चीलगतच्या खोलीची माझ्याकडील किल्ली. ती नणंदेच्या हाती द्यावी. मी दिली तर ती घेणार नाही.