शत्रूची तोफ

३ फेब्रुवारी
चार महिने लिहिलं नाही, माफी असावी. पलटणीच्या इतिहासकाराच्याच रोजनिशीत खंड पडावा, हे शोभत नाही. कारणं आहेत, पण ती पटण्यासारखी नाहीत.
आज संग्रहालयासमोरच्या ‘शत्रूकडून जिंकलेल्या’ तोफेचा रंग खरवडला. खाली शिक्का आपल्याच कारखान्याचा! म्हणजे मला सारखा फोन करणाऱ्या बाई खरंच सांगत होत्या. माघार घेताना तोफ मागे राहिली, त्यांचे वडील ती आणायला उलटे गेले. तोफ आली, वडील आले नाहीत. तोफेशेजारच्या फलकावर त्यांचं नाव नाही. तोफ ‘जिंकलेली’ म्हटल्यावर ती परत आणणारा कुठून असणार?
बाईंना शब्द दिला: वर्धापनदिनाला या, नाव लागलेलं असेल.

५ फेब्रुवारी
कमांडरसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, प्रोफेसर, नवे जवान या तोफेवर हात ठेवून शपथ घेतात. त्यांना काय सांगू, आपलीच हरवली होती, सापडली? मी म्हणालो, पण सत्य... ते म्हणाले, चहा घ्या. घेतला.
एकंदर भेट सकारात्मक. दार बंद झालेलं नाही. मी बाहेर पडल्यावर झालं, पण ते एसीमुळे.

९ फेब्रुवारी
फलकाचा नवा मसुदा. ‘माघार’ काढून ‘फेररचना’ केलं. शब्द गेला तरी चालेल, नाव राहिलं पाहिजे. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फेररचनेत कुणी तोफ विसरून येतं का? तिला लष्करी परिभाषा कळत नाही.
स्वतःला स्पष्ट विचारलं, तू घाबरलायस का? नाही. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं, त्याचा इथे संबंध नाही. दोनदा तपासून पाहिलं.

१४ फेब्रुवारी
मसुदा वरून परत आला. नावावर काट. एकाचं लावलं तर बाकीचे नातेवाईक रांग लावतील म्हणे. त्याऐवजी ‘अनाम वीर’. नाव माहीत असताना ‘अनाम’ लिहायला हात धजेना. ‘अज्ञात’ करून पाहिलं. ते जास्तच खोटं वाटलं. ‘अनाम’ ठेवलं.
बाईंचा फोन. मोतीबिंदूमुळे लांबचं दिसत नाही, अक्षरं मोठी आहेत ना? म्हणालो, फलक अगदी जवळून वाचता येतो. यात खोटं काही नाही.

२० फेब्रुवारी
वर्धापनदिन छान झाला. साहेबांनी भाषणात माझ्या संशोधनाचा उल्लेख केला. कंत्राट वाढलं. आता आतून बदल घडवता येईल.
बाई आल्या होत्या. मी माइकच्या वायरींपाशी होतो, कुणीतरी तिथे थांबायलाच हवं होतं. तिथून दिसलं: त्यांनी फलक बोट फिरवत वाचला, पुन्हा वाचला. मग मागच्या बाजूला जाऊन पाहिलं.
पहारेकऱ्याकडे निरोप ठेवून गेल्या: नाव बहुतेक आतल्या दालनात लावलं असेल, गर्दीत सापडलं नाही. सरांना त्रास नको, उद्या सकाळी पुन्हा येते.
उद्या: लवकर जाऊन गेटवर सांगणे, की मी रजेवर आहे.